निषेध काढून स्वागत

तहसीलच्या फाटकासमोर, रसवंतीला लागून माझं दुकान.
एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स,
पानाला तीस रुपये, दुरुस्ती फुकट.
बाजूच्या राईस मिलचा भुसा की-बोर्डात शिरतो,
'ळ' दोनदा दाबावा लागतो.

दिल्लीत बजेटचं भाषण अजून संपायचं असतं
तेवढ्यात भाऊंचा पीए चेटुले येतो,
मोटरसायकल चालूच ठेवून.
ताई, स्वागत टाका. ऐतिहासिक टाका.
महिला, युवा, शेतमजूर, सगळे टाका.
मी विचारते, भाऊंनी ऐकलं काय?
भाऊ गाडीत आहेत, म्हणतो, घाटात रेंज नाही.

तो गेला की दादांचा माणूस.
दिशाहीन. विदर्भावर अन्याय.
कामगारांच्या तोंडाला पाने पुसली.
कुठली पानं ते कोणी सांगत नाही,
आमच्याकडे तर तेंदूचीच.

दोघांची फाइल एकच आहे.
सात वर्षांपूर्वी भाऊ विरोधात होते, दादा सत्तेत,
तेव्हा मीच टाइप केली होती.
आता फक्त निषेधच्या जागी स्वागत,
स्वागतच्या जागी निषेध.
'अकरा ठिकाणी बदल झाला' असं कॉम्प्युटर सांगतो.
आकड्यात तो खोटं बोलत नाही.

मिलच्या गेटवर भाऊ उपोषणाला बसले होते
सकाळी दहा ते साडेअकरा.
बारा तासांची पाळी म्हणजे गुलामगिरी,
हे वाक्य त्यांचंच, माझ्याकडे आहे अजून.
या वर्षी कामगार संहितांवर त्यांची भूमिका आली.
कामाच्या तासांत लवचीकता हवी.
लवचीक. ची दीर्घ. मी कोशात पाहून घेतलं.
वाकायचं कोणी, ते वाक्यात नव्हतं.

एकदा घाईत माझ्याकडून एक परिच्छेद बदलायचा राहिला.
दुसऱ्या दिवशी पेपरात
डावीकडे भाऊ, उजवीकडे दादा, मधे तोच परिच्छेद,
स्वल्पविरामासकट.
मी दिवसभर फोनची वाट पाहिली.
कोणाचा आला नाही.
फक्त मिलमधला हमाल उरकुडा गभणे
भज्याचा कागद सरळ करत आला, म्हणाला,
ताई, दोघाईचं दुखनं एकाच जागी हाय वो.

संध्याकाळी, शटर अर्धं ओढल्यावर,
रायवंता सार्वे वाकून आत आली.
कामगार ऑफिसात अर्ज द्याचा हाय.
तिच्यासाठी कुठलीच फाइल उघडेना,
म्हणून कोरं पान घेतलं.

लिवा, म्हणाली.
हजार वळल्या. दीडशे छाटल्या.
छाटलेल्या वापस नाई देल्या.
त्या बी इकते तो. मंग त्याईची मजुरी कुटं गेली?

मी 'महोदय' लिहिलं, 'नम्र विनंती' लिहिलं,
वाचून दाखवलं.
ती थांबली.
बोटं मांडीवर वळतच होती, पान नव्हतं, तंबाखू नव्हता.
विनंती काहाले? काढा ते.
मग काय टाकू?
मांगतो, असं टाका.

टाकलं. 'वळल्या'चा ळ दोनदा दाबून.
तिनं वीस दिले, दहा बुधवारी बाजाराच्या दिवशी देतो म्हणाली.
नाव काय देऊ, कॉम्प्युटरनं विचारलं.
मी तिचंच दिलं, आडनावासकट.

सकाळी चेटुले हजर. गाडी चालूच.
ताई, अधिवेशन आहे,
विडी कामगारांबद्दल भाऊंना तळमळ आहे,
तसं काही तयार असेल तर द्या.
रायवंताची फाइल समोरच होती, स्क्रीनवर, डाव्या कोपऱ्यात.

मी की-बोर्ड उलटा केला,
भुसा झटकला.
म्हटलं, तळमळ आज जमणार नाही.
ळ अडकतोय.